कोरी चिप

ठिपका कोऱ्या चिपवरही उमटला होता. चौदावी ओळ, नववं घर, तोच हिरवा गोल.

तिने प्रोग्राम पुन्हा चालवला. पुन्हा तेच. मग खुर्ची मागे सरकवून ती नुसती बसून राहिली.

चिप म्हणजे नखाएवढी काच. तिच्यावर हजारो घरं आखलेली. रुग्णाच्या नमुन्यात ज्या घराशी जुळणारं काही सापडेल, ते घर स्कॅनरच्या दिव्याखाली हिरवं चमकतं. कोऱ्या चिपवर नमुन्याचा थेंबही टाकलेला नसतो. तिच्यावर काही दिसलंच, तर तो दोष बघणाऱ्याचा.

भाचीच्या चिपच्या फोटोत मात्र नुसत्या मुंग्या होत्या, जुन्या टीव्हीवर सिग्नल गेला की यायच्या तशा. पोरीच्या हाडातून काढलेला नमुना जेमतेम होता, तो या एका चिपवरच संपला. पुन्हा सुई सोसायची ताकद तिच्या अंगात उरली नव्हती. चौदाव्या ओळीतलं नववं घर चमकलं तर नवं औषध सुरू करायचं. नाही चमकलं तर डॉक्टरांकडे द्यायला दुसरं काही नव्हतं.

मुंग्या झाडून काढणारा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. तीन दिवस ती त्याला सुधारत होती. हा आकडा थोडा वर, तो थोडा खाली, आणि दर वेळी नजर चौदाव्या ओळीवर. काल दुपारी मुंग्यांमधून गोल हळूच वर आला तेव्हा तिला रडूच कोसळलं. बाहेर बाकावर धाकटा भाऊ, पोरीचा बाप, बसला होता. त्याला हाताला धरून आत आणलं आणि दाखवलं.

आधी कोरी चिप तपासायची, मगच तोंड उघडायचं. हा नियम समोरच्या भिंतीवर चिकटवलेला होता. अक्षर तिचंच.

स्कॅनर सांभाळणारे काका मागे येऊन उभे राहिले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"ही कोरी?"

"हो."

"मनी वसे ते स्वप्नी दिसे," काका हळूच म्हणाले. "तीन दिवस तू त्याला गोल शोधायला शिकवलंस. शिकला बिचारा."

"पण नेमका त्याच घरात, काका?"

"दुसरं घर तू बघितलंस कुठे?"

तिने आकडे मागे नेले. कोरी चिप काळीकुट्ट झाली, आणि भाचीच्या चिपवर पुन्हा मुंग्या. आकडे पुढे आणले, तर दोन्हींवर ठिपका. एकीवरचा ठेवून दुसरीवरचा घालवायचा तिने तासभर प्रयत्न केला. सगळी विद्या पणाला लावली. ठिपके जाताना जोडीने जात होते आणि येताना जोडीने येत होते. भाचीचा ठिपका खोटा आहे असंही म्हणता येत नव्हतं. तेच तर वाईट होतं. शेवटी कंटाळून तिने कालचे आकडे होते तसे भरले. पडद्यावर कोरी चिप राहिली, हिरव्या ठिपक्यासकट.

"रिपोर्टात काय लिहिणार?" काकांनी विचारलं.

"वाचता येत नाही."

"मग औषध?"

"त्यावर कोण देतंय?"

काकांनी उगाचच स्कॅनरचं झाकण उघडून पुसलं आणि पुन्हा लावलं.

तेवढ्यात दार ढकलून भाऊ आत आला. आज त्याने दाढी केली होती. किती दिवसांनी, कोण जाणे.

"ताई, सकाळी दोन घास जास्त खाल्ले तिने! आत्याने ठिपका शोधलाय म्हणून सांगितलं, तर म्हणते, मला बघायचाय." बोलता बोलता त्याची नजर पडद्यावर गेली. "अरे वा! हा तर कालच्यापेक्षा स्वच्छ दिसतोय!"

"थांब," ती म्हणाली. म्हणजे ओठ हलले, आवाज काही निघाला नाही.

काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"एकच मिनिट, ताई. फोटो काढतो. तिला पाठवायचाय."

त्याने एका हातात फोन धरला. एवढ्या हजारो घरांत पोरीला लगेच सापडावा म्हणून दुसऱ्या हाताचं बोट ठिपक्याखाली नीट टेकवलं, आणि फोटो काढला.