पडद्याखालची ओळ

कान गेल्यापासून आत्यांनी टीव्हीकडे पाठच फिरवली होती. नुसती हलणारी तोंडं बघून करायचं काय? मग भाच्यानं टॅबलेट आणून दिला. व्हिडिओत कुणी बोललं की खाली आपोआप अक्षरं उमटत.

आत्यांनी उभी हयात कोर्टात लघुलेखनात घालवलेली. तेव्हा या यंत्राच्या चुका काढता काढता त्यांची दुपार मजेत जाई.

त्या दिवशी घड्याळदुरुस्तीचा व्हिडिओ चालू होता. शिंका थांबेनात म्हणून आत्यांनी तो थांबवला. घड्याळजीचा हात होता तिथेच थबकला. अक्षरं मात्र थांबली नाहीत.

"अहो, दूध उतू गेलंय."

आत्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"गॅस विझलाय, पण बटण चालूच आहे. उठा आधी!"

त्या धडपडत स्वयंपाकघरात गेल्या. खरंच होतं सगळं. सर्दीनं नाक चोंदलेलं, वास येणार कुठून? त्यांनी बटण बंद केलं आणि खिडक्या सताड उघडल्या.

जिवात जीव आल्यावर त्या परत सोफ्यावर येऊन टेकल्या. भीती वाटायच्या ऐवजी त्यांना भरूनच आलं. किती वर्षांनी या घरात कुणीतरी त्यांच्यावर खेकसलं होतं!

"वाचले गं बाई," त्या पुटपुटल्या.

घड्याळजीचा हात अजून तसाच थबकलेला होता. खाली नवी ओळ उमटली.

"केव्हाची उभी आहे मी. जरा सरकता का?"

आत्या सरकल्या. शेजारची गादी हळूच दबली.