न कोरलेली रेघ

ओल्या शाईचा वास. बरणीभर जंतू. हजार वर्षं पावसात झिजलेली शिळा.

मेईचे जंतू दगड खात, पण फक्त जिथं कधीकाळी छिन्नीचा घाव बसला होता तिथंच. त्यामुळे पुसलेली चिनी अक्षरं पुन्हा उमटली. ‘शांती’ या अक्षराची शेवटची रेघ तेवढी आली नाही.

“दमले वाटतं तुझे कामगार!” सुलेखन शिकवणारे लिन आजोबा हसले.

ओशाळून मेईनं कोरणयंत्र उचललं. “मीच पुरी करते.”

आजोबांनी झटकन तिचा हात धरला. “थांब पोरी! तिथं घावच नाही. हे अक्षर कोरणाऱ्याच्या बापाच्या नावातलं. त्या काळी बापाचं नाव मुलगा पुरं लिहीत नसे, मानानं एक रेघ सोडायचा.”

मेईनं यंत्र ठेवलं आणि बरणीला वाकून नमस्कार केला.

उमटलेल्या मजकुरात लिहिलं होतं, ही शिळा काढताना कोरणाऱ्याचा बाप खाणीत दबून मेला होता.