कोकंदचं गिऱ्हाईक

"किंमत दाखवायचीच नाही," मस्तुराखोला, म्हणजे मस्तुरामावशी, म्हणाली.

इल्होमचं पेन वहीवर थबकलं. मोबाइलवर चालणारी दुकानं त्याने दुसऱ्यांच्या हाताखाली पाच-सहा बांधली होती. स्वतःच्या नावावर मिळालेलं हे पहिलंच काम. "खोला, किंमत नाही दिसली तर लोक टोपी घेतील कशी?"

"विचारतील. मग हे सांगतील. मग लोक म्हणतील, लुटायला बसलाय का? आपल्या चुस्त गावच्या बाजारात टोपी अशीच विकली जाते."

"पण ॲपमध्ये घासाघीस नसते."

"असती तर तुला कशाला बोलावलं असतं? तयार नसतं का घेतलं?" खोलाने त्याच्या पेल्यात तळाशी घोटभर चहा ओतला. म्हणजे पाहुण्याने इतक्यात उठायचं नव्हतं.

'हे' म्हणजे तिचा नवरा, टोप्यांचा उस्ताद तुर्सुनबोय उस्ता. अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. चाळीस वर्षं नवरा-बायकोंनी बाजारात शेजारी शेजारी बसून टोप्या विकल्या. उस्ता शिवायचा आणि विकायचा, खोला सूतवाल्यांशी आणि कापडवाल्यांशी भांडायची. तिच्या तोंडाला अख्खा बाजार टरकून असे. वसंतातल्या नवरूझ सणाच्या सुमारास उस्ताच्या कंबरेने दगा दिला आणि दुकानाला कुलूप लागलं.

"तेव्हापासून पाच वाक्यं बोलले नसतील," खोलाने आवाज खाली आणला. "भिंतीवरच्या मुंग्या बघत बसतात. माणूस हातचा चाललाय माझा, इल्होमजान. काहीतरी कर."

तिचे खोल गेलेले डोळे बघून इल्होमला नाही म्हणवेना.

तीन आठवड्यांत त्याने दुकान उभं केलं. बाजारात दलाल विकणारा आणि घेणारा या दोघांचे हात एकमेकांत घालून गदागदा हलवतो, तेव्हाच सौदा पक्का होतो. म्हणून त्याने पडद्यावर पंजाचं चित्र ठेवलं. दोघांनी एकाच वेळी त्यावर बोट दाबलं तरच टोपी विकली जायची. अशा भानगडी त्याने आजवर केल्या नव्हत्या, पण करताना मजा आली.

दुसऱ्याचं रडकं मूल घ्यावं तसा उस्ताने फोन हातात घेतला आणि बाजूला ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी तो वाजला. कोकंदहून हुरियत नावाच्या बाईने विचारलं होतं, "ही टोपी आहे की पातेल्याचं झाकण? जी किंमत सांगाल तिच्या अर्धीच देईन."

उस्ता ताठ झाला. एकेक अक्षर शोधत त्याने उत्तर लिहिलं, "झाकण हवं असेल तर भांडेवाल्याकडे जा, बाई."

बाई गेली नाही. दुपारी परत आली, संध्याकाळी परत आली, आणि चौथ्या दिवशी एकदाचं पंजावर बोट दाबून टोपी घेतली. पाचव्या दिवशी दुसरी टोपी बघायला हजर!

मग हे रोजचंच झालं. उस्ताने बैठक भिंतीकडून फाटकाकडे फिरवली, दाढी कातरली. "आज बयेने काय म्हणावं?" असं अधूनमधून डोकावणाऱ्या इल्होमला मोठ्याने वाचून दाखवू लागला. खोलाच्याही गालांवर रंग आला. पुलावाची गाजरं चिरताना ती गुणगुणायची. इल्होमला वाटलं, चला, पहिलंच काम फत्ते झालं.

शरद ऋतूत तो ॲपची देखभाल करायला आला आणि नोंदी उघडून बघतच राहिला. त्रेपन्न सौदे आणि गिऱ्हाईक एकच. तेसुद्धा याच घराच्या इंटरनेटवरून बोलणारं.

तो स्वयंपाकघरात गेला. "सलाम, हुरियतखोला," हळूच म्हणाला.

खोलाच्या हातातली सुरी ओट्यावर पडली. तिने आधी दार लावून घेतलं.

"खरी गिऱ्हाइकं दोन आली होती. किंमत दिसली नाही, पळाली."

"आणि टोप्या?"

"पाठवायला माझ्याकडेच देतात." तिने आतल्या खोलीतल्या पेटीवरच्या रजयांच्या थप्पीकडे हात केला. प्रत्येक घडीत टोप्या खोचलेल्या होत्या.

"दिवसभर भांडतात माझ्याशी. भांडणारा माणूस मरत नाही रे! त्यांना कळलं, तर परत भिंतीकडे तोंड करतील आणि या खेपेला उठायचे नाहीत." तिने अख्खी नान त्याच्यापुढे धरली. "हिच्यावर हात ठेव. अन्नाची शपथ आहे, कोणाला सांगणार नाहीस म्हण."

इल्होमने हात ठेवला. या वयात नवऱ्यावर इतकी माया करणारी बाई त्याने पाहिली नव्हती.

अंगणातून बाहेर पडताना उस्ताची हाक आली. "इल्होम, इकडे ये. जवळ बस."

तो बसला.

"खरं सांग. माझी गिऱ्हाइकं किती?"

"पुष्कळ, उस्ता. कोकंद, अंदिजान..."

"पुरे, पुरे. खोटं तुला शोभत नाही."

इल्होमने स्वयंपाकघराकडे बघितलं. नान डोळ्यांसमोर दिसू लागली. आता सगळं संपलं, आणि तेही आपल्यामुळे, असं त्याला वाटलं.

"चाळीस वर्षं घासाघीस केली," उस्ता म्हणाला. "वीट आला होता मला. दुकान सुटलं तेव्हा वाटलं, देवा, सुटलो. मजेत होतो मी इथे. गप्प बसायचं, मुंग्या बघायच्या. पण बाजार सुटला तशी ही वाळायला लागली. भांडायला कोणी नाही, घशाखाली घास उतरेना. आता ऐक."

स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू येत होतं. उस्ताने फोन त्याच्यापुढे सरकवला.

"गिऱ्हाइकाच्या बाजूची अक्षरं तेवढी मोठी कर. स्वयंपाकघरात चष्मा लावला तर मला संशय येईल म्हणून बिचारी डोळे ताणून वाचते."