खुर्चीचा नकार

अनंत तांडेल दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत टेकले आणि खुर्चीने नेहमीच्या गोड आवाजात सांगितलं, "उपचारात जिवाला धोका साडेचार टक्के. मर्यादा तीन. उपचार होणार नाहीत." हत्यारांचा ड्रॉवर उघडलाच नाही.

"सोमवारी साडेतीन होता," त्यांच्या बायकोने, हिराबाईंनी डॉक्टरांना म्हटलं. "तुम्हीच म्हणालात, सूज उतरली की या."

डॉ. खानविलकरबाईंनी अनंतांचा गाल चाचपला. सूज आता डोळ्यापर्यंत चढली होती. दाढ काढल्याशिवाय ती उतरणार नव्हती आणि ती उतरल्याशिवाय ड्रॉवर उघडणार नव्हता. जिल्ह्याच्या इस्पितळातही अशीच खुर्ची होती.

"घरी होडीच्या इंजिनाची पक्कड आहे," हिराबाई म्हणाल्या. "मी काढू का?"

नको म्हणायला डॉक्टरांनी तोंड उघडलं. मग खुर्चीला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी नळ मोठा सोडला आणि त्या हिराबाईंच्या कानाशी वाकल्या.

"आधी वीस मिनिटं उकळा. आणि ह्यांचे हात धरायला दोन गडी बोलवा."

नवराबायकोने उंबरा ओलांडताच दारावरच्या पाटीतला आकडा एकाने वाढला. 'सुखरूप घरी गेलेले रुग्ण: १,११२.'