समोरासमोर
धाकटीने किल्ली नाचवतच थोरल्या बहिणीच्या दाराची बेल वाजवली. "ताई, तुमच्या समोरचाच फ्लॅट घेतला! घरांचे भाव पडले म्हणून जमलं गं, नाहीतर जन्मभर भाड्यानेच राहिलो असतो." थोरलीने तिला घट्ट मिठी मारली. आत बसलेल्या भावोजींनी मात्र मान खाली घातली. अगदी तसंच घर त्यांनी तेजीत दुप्पट किमतीला घेतलं होतं. आता परगावी चांगली नोकरी चालून आली होती, पण घर विकूनही कर्ज फिटलं नसतं. "सकाळीच मी नकार कळवला," भावोजी म्हणाले. "म्हणजे तुम्ही इथेच राहणार?" धाकटीने विचारलं. "राहणार कसले, अडकलोय." धाकटीला हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. थोरली एकदम हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "ताई, हसतेयस की रडतेयस?" "थांब, माझं मलाच कळू दे."