हरलेल्याला मत

कोचकोर गावात अख्खी आळी शाहीर तुरगुनबायच्या टीव्हीपुढे जमली होती. राष्ट्राध्यक्षपदाचे दोन उमेदवार एकमेकांवर तुटून पडले होते. "हा मेंढ्या राखायला गेला, तर मेंढ्याच याला घरी आणून सोडतील!" असं त्यातला तगडा म्हणाला, आणि चष्मेवाला मान खाली घालून गप्पच झाला.

"लोळवला!" शेजाऱ्यांनी मांड्या बडवल्या. "तुरगुनआके, हा तुमच्याच तालमीतला दिसतो!"

तुरगुनबाय मिशीत हसला. पण त्याची बायको कुलिपा घोडीच्या दुधाचा वाडगा हातात घेऊन तशीच उभी होती. त्या चष्मेवाल्याकडे इतक्या मायेनं बघत होती, की तुरगुनबायच्या छातीत काहीतरी करपलं. आपल्या कवनांना ही कधी अशी थबकली होती?

"काय गं, भरला वाटतं मनात?"

"माझं मत त्यालाच."

"त्या मुक्याला? अगं, असं आहे तरी काय त्याच्यात?"

"घाव सोसला, पण उलटा वार नाही केला." तिनं वाडगा हळूच खाली ठेवला. "नारीनच्या जत्रेत तुमच्या सवालापुढे तो दुसरा शाहीर, सुयुनही असाच बसला होता. कोमुझच्या तारांवर नुसता हात ठेवून."

तुरगुनबायचं हसू विरून गेलं. त्याच जत्रेत, त्याच जिंकण्यावर खूश होऊन, कुलिपाच्या बापानं लेक त्याला देऊ केली होती.

चाळीस वर्षं त्याला वाटत होतं, त्या दिवशी सुयुन हरला.