डिस्कला रंग लावत नाहीत

शटर एका हाताने वर गेलं, तेव्हा गंजकाकांना स्वतःच्याच ग्रीसचं कौतुक वाटलं. ते अडेल, कुरकुरेल, दोन लाथा घालाव्या लागतील, अशी मनाची तयारी करून ते आले होते. पोरगा गेल्यापासून त्यांनी या गॅरेजात पाऊल टाकलं नव्हतं.

गंजकाका हे नाव डेपोतल्या मंडळींनी ठेवलेलं. गाड्यांच्या ब्रेकचे भाग खरवडायचे, थिनरने पुसायचे आणि पुन्हा गंज धरू नये म्हणून रंगवायचे, यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. ब्रेक आवळणारा कॅलिपर रंगवायचा, चाकाच्या मधला हब रंगवायचा. पण ब्रेक जिथे घासतो ती डिस्क उघडीच सोडायची. तिच्यावर रंग बसला तर ब्रेक धरायचा कसा? म्हणून उभ्या गाडीची डिस्क बघता बघता तांबडी होते. एकदा एक ड्रायव्हर, रोज फेरी मारतो, म्हणून पोटतिडकीने सांगत होता. काकांनी चाक काढलं आणि आतली तांबडी डिस्क त्याला दाखवली. "फेरीत एकदाही ब्रेक दाबला नाहीस का रे?" त्या दिवशी डेपोत कामं कमी आणि हसणंच जास्त झालं.

घरी मात्र हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. काका उजाडताच कामावर जात, अंधार पडल्यावर परतत. जेवताना नवरा-बायकोत बोलणं व्हायचं ते मीठ कमी-जास्त झालं तर. एरवी ती तिच्या ताटात बघायची, हे यांच्या. गॅरेजच्या बाजूच्या खिडकीला तिने पडदा लावून टाकला होता. तिला गॅरेजातली पोराची निळी गाडी डोळ्यांसमोर नकोच झाली आहे, हे काकांनी ओळखलं आणि गिऱ्हाईक शोधलं. विकायचं त्यांच्याही जिवावर आलं होतं. पोराने हौसेने घेतलेली ती एकच वस्तू. पण बाईमाणसाने रोज त्या पडद्याकडे बघत दिवस काढायचा, याहून ते बरं.

घेणारा संध्याकाळी येणार होता. परक्याच्या हाती जायची तर निदान चांगल्या ब्रेकनिशी जावी, म्हणून सुट्टीच्या दिवशी काका तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन बसले होते.

त्यांनी टायर दाबून पाहिले. हवा बऱ्यापैकी होती. पोराने टायर चांगले घेतले होते.

"चहा ठेवलाय इथे." बायको दारातूनच म्हणाली. "चाकं कशाला काढताय?"

"रंग देतो. ब्रेकशी खेळ नको."

"जशी आहे तशी द्या की."

"तशी कशी देऊ? इतके दिवस बंद पडून आहे."

ती दारातच उभी राहिली.

"तुझ्या मनात काही आहे का?" काकांनी विचारलं. "आत्ताच सांग. एकदा गेली की गेली."

"माझ्या मनात काय असणार? तुम्हाला योग्य वाटेल ते करा." तिने पदराला हात पुसले. "सीटवरची उशी तेवढी मला द्या."

काकांनी दार उघडलं. ड्रायव्हरच्या सीटवर खरंच एक चपटी उशी होती. त्यांनी ती आधी कधी पाहिली नव्हती. पोरगा ताडमाड उंच, या एवढ्याशा गाडीत अंगाची घडी घालून बसायचा. पाठ दुखत असणार बिचाऱ्याची. बापाला कधी बोलला नाही. काकांनी उशी पुढे केली. तिने ती पोटाशी धरली आणि घरात निघून गेली.

समोर फाटकाचा वाकलेला गज दिसत होता. पोरगा आजारी पडायच्या आधी आईला गाडी शिकवायला बसला होता. तिने गाडी थेट फाटकावर घातली. "आई, फाटक उघडून जायचं असतं गं!" म्हणत तो पोट धरून हसला होता. "मला मेलीला नाही जमायचं," म्हणून ती उतरली, ती परत बसली नाही. तो गज सरळ करायचं काकांनी मुद्दाम टाळलं होतं.

त्यांनी जॅक लावला, पान्याने नट सोडवले आणि चाक ओढून काढलं.

कॅलिपर अपेक्षेप्रमाणे गंजलेला होता. हबवर पापुद्रे धरले होते. डिस्कसाठी सगळ्यात खरखरीत पॉलिश पेपर काढून ठेवला होता, तो हातात घेऊन ते वाकले.

डिस्क घासलेल्या ताटासारखी लखलखत होती.

काकांनी तिच्यावरून बोट फिरवलं. बोटाला तांबडं काहीच लागलं नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूचंही चाक काढलं. तिथेही तेच. मग ते तसेच जमिनीवर बसून राहिले. चहावर साय धरली.

बऱ्याच वेळाने त्यांनी फोन काढला. "येऊ नका," ते घेणाऱ्याला म्हणाले. "गाडी द्यायची नाही. नाही, भावाचा प्रश्न नाही. घरात लागते."

मग डिस्कवर चिकटपट्टी लावून त्यांनी कॅलिपर खरवडला, पुसला आणि रंगाचा पहिला हात दिला. डेपोत देत त्याहून सावकाश, कोपरान् कोपरा भरून. दुसरा हात द्यायच्या आधी त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली.

"अगं ए, ती उशी आण परत. समोरचं दिसायचं नाही तुला."